बोयाला लागलेली होडी

रविवारी सकाळी उरणच्या रस्त्याला ट्रेलरांमागे अडकत आम्ही खाडीवरच्या होड्यांच्या क्लबात पोचायचो. आम्ही म्हणजे आमच्या सोसायटीतले दातांचे डॉक्टर आणि मी, बँकेतली कारकून. त्यांची दोघांनी मिळून चालवायची शिडाची होडी होती. सुकाणू त्यांच्या हातात, पुढचं लहान शीड माझ्या. जमिनीवर ते मला तुम्ही म्हणायचे, होडीत तू.

पाणी मला मनापासून आवडायचं. क्लबातली माणसं नाही. शर्यत तासाभराची आणि खाणंपिणं संध्याकाळपर्यंत. कुणाचा फ्लॅट कितव्या मजल्यावर, कुणाची मुलगी कुठल्या देशात, हेच तोंडात घास ठेवून चाललेलं.

करंज्याचा एक कोळी तिथे भावाला घेऊन यायचा. एरवी तो न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवायचा. क्लबाने मोडीत काढलेली होडी घेऊन त्याने ती स्वतः दुरुस्त केली होती. माघारी सगळे त्याला ‘कोळंबी’ म्हणत.

त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीत आम्ही पुढे, तो लगेच मागे. अखेरच्या बोयाला, वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पिंपाला, वळसा घालताना वारा पडला, भरतीने ढकललं आणि आमची होडी बोयाला घासली. धक्का माझ्या गुडघ्यांत जाणवला. बोयाला लागलं की जागेवर एक गिरकी घ्यायची, मगच पुढे जायचं, असा नियम.

“डॉक्टर, लागलं.”

“गप्प बस. शीड ओढ.”

आम्ही जिंकलो. त्याने तक्रार केली. क्लबाच्या शेडमध्ये शर्यतीच्या समितीचे तिघे बसले, हातात प्लेटी घेऊनच. डॉक्टर म्हणाले, “छे, हातभर अंतर होतं.”

तो माझ्याकडे वळला. “ताई, तुमी पुढं बसलेल्या. लागली का नाय, तेवढं सांगा.”

“मी शिडाकडे बघत होते,” मी म्हणाले. “लक्षात नाही.”

“बरं,” म्हणून तो गेला.

“चला, कबाब गार होतायत,” समितीतले एकजण उठले.

जेवताना डॉक्टरांनी तेलकट हाताने माझी पाठ थोपटली आणि आपल्या ताटातली तंगडी माझ्या ताटात टाकली. कुणीतरी म्हणालं, “आज कोळंबी सोलली!” सगळे हसले. मीही हसले. ते हसणं तोंडातून बाहेर पडताना माझ्याच कानांनी ऐकलं आणि इतकी किळस आली, की घास गिळवेना. नळावर जाऊन थुंकले.

पुढच्या रविवारी मी करंज्याला गेले. तो बायकोबरोबर धक्क्यावर मासळी निवडत होता.

“लागली होती,” मी म्हणाले.

“ठावं हाय. मी मागंच होतो ना.” त्याने मान वर केली नाही. “आता मना सांगून काय? तिथं बोलाचं होतं.”

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपली माझ्या पायांपासून लांब ओढून घेतली.

समितीला पत्र लिहायचं ठरवलं होतं, लिहिलं नाही. होडीत पुन्हा बसले नाही. डॉक्टरांना मात्र पाठदुखीचं कारण सांगितलं. जिन्यात भेटले की ते अजून पाठीची चौकशी करतात, आणि मी म्हणते, “आहे तशीच.”