अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

मॅट्रिक झाल्याचा मला पस्तावा झाला तो आयुष्यात एकदाच, आणि तोही फार तर अर्धा तास.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. डोणगावात आमच्या आळीत मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटीच. मला पाहायला येणारे लोक आधी बिचकायचे आणि मग नकार कळवायचे. एकाला मी जास्त शिकलेली वाटले, दुसऱ्याच्या आईला मी मान वर करून बोलते असं वाटलं. तिसऱ्याने तर दोन ताटल्या पोहे हाणून कारणसुद्धा कळवलं नाही, मेल्याने. शेवटी वडिलांनी साखरखेर्ड्याचा एक बिजवर हेरून ठेवला. पन्नाशीचा माणूस, भुसार मालाचं दुकान, माझ्याएवढी एक मुलगी. ‘हे चौथं स्थळ मोडलं तर तिकडेच उजवून टाकतो,’ असं त्यांनी आईला सांगितलं, पण मला ऐकू येईल अशा आवाजात.

चौथा मुलगा वडनेर भोलजीचा, नुकताच ग्रामसेवक झालेला. दाराशी आल्यावर त्याने शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि बादलीतल्या पाण्याने हातपाय धुतले. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. खोटं कशाला बोलू? ते ओले हात पाहिले आणि माझ्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं. लग्न करीन तर याच्याशीच, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्याच्यासोबत त्याची आई होती आणि मामा होते. मामा तालुक्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या काखेत लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, पोथी असेल. सुईत दोरा ओवून झाला, चालून दाखवून झालं, तशी मामांनी फडकं सोडलं. आत जाडजूड इंग्रजी डिक्शनरी! तिच्यावर हळदीकुंकू वाहिलेलं. मामांनी तिला नमस्कार केला, डोळे मिटले आणि झाडूची एक काडी पानांत खुपसली. आमच्याकडे पोथीत काडी घालून शकुन पाहतात. मामा मुलगी शिकलेली असली की डिक्शनरीत पाहायचे.

काडी जिथे निघाली तिथला शब्द त्यांना उच्चारता येईना. त्यांनी एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली. ‘सी, ओ, एन, सी, यू, पी...’ मध्ये एकदा पाणी प्याले. मला मात्र ‘पी’लाच दरदरून घाम फुटला.

शब्द होता कॉन्क्युपिसन्स. तो मला चांगला ठाऊक होता. वर्गात आम्ही तीनच मुली, आणि शाळेच्या डिक्शनरीतून असले शब्द हुडकून काढणं हा आमचा मधल्या सुट्टीतला खरा अभ्यास. कामवासना, देहाची ओढ, असा त्याचा अर्थ. तोही साधासुधा नाही. पाद्र्यांनी प्रवचनात, न्यायाधीशांनी निकालपत्रात वापरावा असा सोवळा, इस्त्री केलेला शब्द. येत नाही म्हणावं तर मॅट्रिक खोटी, येतो म्हणावं तर मीच वाया गेलेली. दोन्हीकडून साखरखेर्डा!

‘दुसरा शब्द विचारा ना,’ मी कशीबशी म्हणाले.

‘शकुनात निघालेला शब्द वापस ठेवता येत नाही, बाई,’ मामा म्हणाले. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’

‘सांग ना व! लाजून काऊन राह्यली?’ वडील गरजले. लेकीच्या शिक्षणाचा त्यांना भलताच अभिमान.

‘इच्छा,’ मी पुटपुटले.

‘कायची इच्छा?’

तेवढ्यात वडीलच मदतीला धावले. ‘कायची म्हणजे? देवदर्शनाची! काशीले जायची!’ त्यांना इंग्रजीतलं ओ का ठो कळत नव्हतं.

मुलाच्या आईने पदर सावरून हात जोडले. ‘पोरगी देवाधर्माची दिसते.’

मामांनी डिक्शनरीतला अर्थ वाचला. तोही इंग्रजीतच असल्यामुळे त्यांनी फक्त गंभीरपणे मान हलवली. ‘आता वाक्य. इंग्रजीतच पाह्यजे.’

मला एकाएकी संताप आला. बिजवराचा, काडीचा, सगळ्यांचाच. होऊन होऊन काय होणार होतं? मी खणखणीत इंग्रजीत वाक्य ठोकलं. त्याचा मतलब एवढाच, की समोर बसलेल्या माणसाचे ओले हात पाहिल्यापासून एका मुलीला कॉन्क्युपिसन्स झालेली आहे.

मामा भाच्याकडे वळले. ‘तू मॅट्रिक आहेस बे. बराबर आहे का?’ आणि डिक्शनरी त्याच्यापुढे सरकवली.

त्याने ती उघडलीसुद्धा नाही. ‘बराबर आहे,’ तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. ‘मले पोरगी पसंत आहे.’

लग्नात मामांनी तो शब्द वऱ्हाडात वाटला. पंगतीत जो तो एकमेकांना आपापली काशीची कॉन्क्युपिसन्स सांगत होता. सासूबाई तर विहीणबाईंचा हात धरून म्हणाल्या, ‘या वयात आता तेवढी एकच राह्यली, बाई.’ मी तोंडात पदर कोंबून बसले.

आठ-दहा दिवसांनी हे विहिरीवर पाणी शेंदत होते, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. मी विचारलं, ‘त्या दिवशी तुम्हाले माहं वाक्य समजलं होतं?’

‘छ्या! इंग्रजीत दोनदा गचकलो, तिसऱ्यांदा कसाबसा पास झालो मी.’

‘मंग बराबर आहे असं काऊन म्हणाले?’

‘तू कशाकडे पाहून बोलून राह्यली होतीस, ते दिसत होतं ना मले,’ हे म्हणाले आणि उगाच पोहऱ्याकडे पाहायला लागले.

त्या भरल्या घरात मला एकट्या या माणसाने वाचलं होतं, तेही डिक्शनरी न उघडता. मग मी यांना शब्दाचा खरा अर्थ सांगितला, शुद्ध मराठीत. पोहरा दोरासकट विहिरीत गेला.

‘काय झालं बे?’ सासूबाई आतून ओरडल्या.

‘काही नाही, माय,’ हे तितक्याच मोठ्याने ओरडले. ‘मलेबी काशीले जायचं आहे!’