राऊतकाकांचा पिवळा टॉवेल

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत चार जण लिफ्टपाशी भेटले की अजूनही कोविडचे किस्से निघतात. प्रत्येकाकडे गठ्ठाच आहे. माझ्याकडे जरा जास्त, कारण तेव्हा मी सेक्रेटरी होते. मीटिंगला उशिरा पोचले, तोवर सगळ्यांनी मिळून मला निवडून टाकलं होतं!

*

पहिल्या मजल्यावरचे नवरा-बायको दोघंही तापानं फणफणले आणि दोन दिवस नुसते पडून राहिले. आम्हाला पत्ताच नाही. सगळे दारं लावून बसलेले, ग्रुपवर काढ्याच्या रेसिपी पाठवत! ते दोघं वाचले, पण मी धास्ती घेतली.

मग मी नियम काढला. रोज सकाळी नऊच्या आत प्रत्येक घरानं बाल्कनीत टॉवेल टाकायचा, संध्याकाळी काढायचा. टॉवेल दिसला म्हणजे घर ठीक. नाही दिसला तर कमिटीचा फोन. मी खाली उभी राहून वहीत टिक करणार.

ग्रुपवर पहिली शंका आली, "मॅडम, टॉवेल कुठल्या साइजचा?"

*

खरी काळजी होती दुसऱ्या मजल्यावरच्या राऊतकाकांची. न्हावा शेव्याला बंदरात नोकरी करून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगी कॅनडात, शुगर वाढलेली आणि घरात एकटेच. नियमाला विरोधही त्यांचाच.

"मी जिवंत आहे हे रोज दोरीवर वाळत घालू?"

"घाला काका. माझ्यासाठी घाला."

"घालतो. पण धुणार नाही!"

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत पिवळाजर्द टॉवेल हजर. त्यांच्या मुलीचा मला रोज एका शब्दाचा मेसेज यायचा, "टॉवेल?" मी लिहायची, "आहे." तेवढ्यावर ती पोरगी तिकडे झोपायची.

*

उरणकडून हिरामावशी टेंपोनं मासळी घेऊन यायच्या आणि गेटबाहेर बसायच्या. आम्ही एकेक जण मास्क लावून जायचो आणि घाबरत घाबरत घ्यायचो. काका मात्र खाली उतरायचेच नाहीत. बाल्कनीतून दुर्बीण लावायचे!

"हिरा, त्या बांगड्यांचे डोळे पांढरे पडलेत. कालचा माल आहे!"

"खाली येऊन बग ना! वरून काय दुर्बीन लावतंस? सकाली बोटीवरून उतरलाय!"

पंधरा-वीस मिनिटं नुसती जुंपलेली. शेवटी तोच बांगडा पिशवीत आणि पिशवी दोरीनं वर. एकदा मी मावशींना म्हटलं, "कशाला तोंडी लागता त्यांच्या?" त्या म्हणाल्या, "मंग कोन लागल? घरात हाय कोन त्याच्या?"

*

चेअरमन पाटीलसाहेबांचा टॉवेल तीन दिवस अगदी वेळेवर. चौथ्या दिवशी कळलं, साहेब पास काढून कुटुंबासकट गावी!

फोनवर म्हणाले, "अहो, पण टॉवेल टाकूनच गेलो ना?"

मग चौकशी केली. अर्धी सोसायटी सकाळची झोप मोडू नये म्हणून रात्रीच टॉवेल टाकत होती. काहींनी तर पहिल्या दिवशी टाकलेला काढलाच नव्हता! मी ग्रुपवर भडकले. उत्तरादाखल हात जोडलेल्या इमोजींची रांग आली. आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन खाली उभी राहिले, टॉवेल मोजले, टिक केल्या. माझाच नियम होता, तो फसलाय हे माझ्या तोंडून निघेना.

*

दुसऱ्या लाटेतली गोष्ट. सकाळी मुलीचा मेसेज आला, "टॉवेल? बाबा फोन उचलत नाहीत." मी वर बघितलं. पिवळा टॉवेल होता. मी लिहिलं, "आहे. चार्जिंग संपलं असेल."

तेवढ्यात गेटवरून हिरामावशी ओरडल्या, "ओ बाय, म्हातारा कुठं हाय?"

"घरीच आहेत. टॉवेल आहे ना."

"टावेलाचं काय सांगतंस? त्याच्यावर कावल्यानं घान केलीय, ती कालपासून तशीच हाय. आनी दोन दिस झाले, म्हातारा भांडला नाय माज्याशी!"

मी धावत वर गेले. बेल वाजवली, दार बडवलं. आतून काही नाही. वॉचमननं पहार आणली, पाटीलसाहेब आले, दोघांनी मिळून दार उघडलं. आणि उघडल्यावर आम्ही तिघंही उंबऱ्याबाहेर उभे! आत पाऊल टाकायचा धीर कुणाला होईना. जिन्याच्या खिडकीतून खालचा आवाज येत होता, "गावला का? ओ बाय, गावला का?"

त्या आवाजानंच मला आत ढकललं असावं. काका पलंगाशी जमिनीवर होते. श्वास चालू होता, नुसती घरघर. ऑक्सिमीटर लावला, आकडा फारच खाली गेला होता. आम्ही त्यांना पालथं झोपवलं आणि पाटीलसाहेब फोनवर फोन करत सुटले. बेड मिळायला दुपार झाली. तेवढा वेळ हिरामावशी गेटवरून हलल्या नाहीत. मासळी उन्हात गेली.

मुलीला मी काय लिहिलं ते कुणाला सांगितलेलं नाही. वहीत त्या दिवशीही राऊतांपुढे टिक होती.

*

तीन आठवड्यांनी काका घरी आले. सगळी सोसायटी बाल्कन्यांत, टाळ्या, वरून फुलं! ॲम्ब्युलन्समधून उतरले तेव्हा निम्मे झाले होते. गेटवर हिरामावशी टोपली घेऊन उभ्या.

"काका, बांगडं हायत. बगतंस का?"

काका टोपलीत न बघताच हळूच म्हणाले, "ताजे आहेत गं. दे."

मावशींचा चेहरा पडला. त्या पाटीलसाहेबांवर ओरडल्या, "याला परत न्या! हा बरा झाला नाय अजून!"

आम्ही सगळे हसलो. अख्खी बिल्डिंग हसली. हसता हसताच मी काकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा बघितला आणि वळत असलेल्या ॲम्ब्युलन्समागे धावत सुटले.

पुन्हा नऊ दिवस. मुलगी मेसेज करायची, मी हॉस्पिटलला विचारून उत्तर द्यायची. टॉवेलचं नाव आम्ही दोघींनीही काढलं नाही.

दहाव्या दिवशी काका आले. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, धीरच झाला नाही. ते गपचूप वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामावशी गेटवर येऊन बसल्या. मान वर करून बघत होत्या. मीही वही न घेता खाली उभी.

बाल्कनीचं दार उघडलं. आधी दुर्बीण आली, मग काका.

"हिरा! डोळे बघ त्या बांगड्यांचे! माणसं मारशील एखाद दिवशी!"

मावशींनी टोपली खाली टेकवली, पदर डोळ्यांना लावला आणि तसंच वर बघून ओरडल्या, "तुजं डोलं बग आदी, म्हाताऱ्या!"