पहिल्या तारखेपासून

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला लेकीकडे गवारीच्या शेंगा निवडत बसले होते. फोन वर्षाचा होता. वर्षा म्हणजे उदगीरच्या आमच्या वाचनालयात दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली, दोन मुलांची आई असलेली बाई. "बाई, हमीदभाई गेले... सकाळी, बसल्या जागी." त्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य कोणतं असावं? "वाचनालय उघडलंय का?" वर्षा म्हणाली, "हाव, उघडलंय. पेपर आलेत." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा निवडून संपवल्या. लेक माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आईला ऐकू आलं नसावं. ऐकू आलं होतं, पण ते पुढे कुठे पोचलंच नव्हतं. अजून, पाच आठवड्यांनंतरही, नीटसं पोचलेलं नाही.

मी उदगीरला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. घरात बायका बसल्या होत्या. त्यांच्या पत्नी रजियाभाभींनी माझा हात धरला आणि एवढंच म्हणाल्या, "बाई, मी चहा गाळत होते त्यांच्यासाठी. कप तसाच राहिला." मला एक गोष्ट विचारायची होती. लातूरहून निघाल्यापासून तीच डोक्यात होती. त्यांना कळलं होतं का? पण नवऱ्याचं दफन होऊन तीन तास झालेल्या बाईला असलं विचारायचं कसं? मी पाणी प्यायले आणि उठून आले.

काय कळलं होतं का, ते सांगायचं तर आधी हमीदभाई सांगायला हवेत. त्यांच्या वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. ऐन तारुण्यात हमीदभाई वाचनालयातली फाटकी पुस्तकं शिवायला आले आणि तिथेच राहिले. शिवता शिवता वाचायला लागले, वाचता वाचता ग्रंथपाल झाले. मी शाळेत शिकवत होते तेव्हापासून वाचनालयाची चिटणीस आहे. माझ्या नाकावर राग, त्यांच्या तोंडात साखर. मी कुणावर तरी भडकले की ते माठाकडे जायचे. "बाई, आधी पाणी घ्या. मग रागवा, मी बसून राहिलो ना ऐकायला." पाणी पिऊन झाल्यावर माणसाला तितकंसं रागावता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सकाळी आठला ते कुलूप काढायचे, दारात पाणी शिंपडायचे आणि पेपर सोडवायला बसायचे. सोडवायला म्हणजे पान न् पान वेगळं करायला. पेपर चार, वाचणारे पंचवीस. पानं सुटी केली नाहीत तर एकेक जण अख्खा पेपर घेऊन तासभर बसणार आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघणार. म्हणून ही युक्ती. कुणाला कोणतं पान आधी लागतं, ते त्यांना पाठ होतं. भुसार बाजारातल्या अडत्याला तूर-सोयाबीनचे भाव, निवृत्त पोस्टमास्तरांना निधनवार्ता, परीक्षांची तयारी करणाऱ्यांना अग्रलेख. दहा-पंधरा मिनिटं झाली की टेबलावर टिचकी मारून म्हणायचे, "चला, पानं बदला." आणि आमदाराच्या ओळखीतला असो की बसस्टँडवरचा हमाल, निमूटपणे शेजाऱ्याकडे पान सरकवायचा. परगावचा माणूस हे बघून हसायचा. दुसऱ्या दिवशी तोही पान सरकवायचा.

परत आलेलं पुस्तक ते आधी उघडून वास घ्यायचे. मला हे अजिबात आवडत नसे. "अहो, काय हे?" म्हटलं तर म्हणायचे, "बाई, ह्याला फोडणीचा वास हाय. म्हणजे घरातल्या ताईनं वाचलंय, मालकानं न्हाई. पुढलं पुस्तक ताईच्या आवडीचं देतो." आणि खरोखर तसंच द्यायचे. नेणारा मालक, निवडणारे हमीदभाई आणि वाचणारी चुलीपाशी बसलेली कोणी ताई. तिने त्यांना उभ्या जन्मात पाहिलेलं नसायचं.

मग डोळे अधू झाले. मोतीबिंदू. लातूरला चला, मी स्वतः नेते, असं मी दहा वेळा म्हटलं. "पिकू द्या बाई, उन्हाळा सरू द्या." उन्हाळे दोन सरले. पुस्तकं ते पाठीवरून हात फिरवून ओळखायचे. निम्म्यांची बांधणी त्यांच्याच हातची, त्यामुळे आमचं निभत होतं. पण सरकारी अनुदानाच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने दाखल क्रमांक सांगून पुस्तक मागितलं आणि हमीदभाईंनी भलतंच आणून दिलं. तीनदा मागितलं, तीनदा भलतंच. अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि वर पाहिलं नाही. हमीदभाई मात्र चौथ्यांदा कपाटाकडे निघाले होते. मीच म्हटलं, "राहू द्या." त्या वेळी माझा आवाज चढला होता. का चढला, कुणावर चढला, देव जाणे. त्या दिवशी मला पाणी कुणी आणून दिलं नाही.

महिनाभरात कार्यकारिणीची सभा घेतली. हमीदभाईंना बाहेर चहा सांगायला पाठवलं आणि पाच मिनिटांत ठराव केला. पुढच्या तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून नवीन ग्रंथपाल, तोवर नव्या बाईंनी काम शिकून घ्यावं. हमीदभाईंना कोण सांगणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सांगते."

सांगितलं नाही. वर्षा आली त्या दिवशी मी म्हटलं, "ह्या कॉम्प्युटरसाठी आल्यात. तुमच्या मदतीला." धडधडीत खोटं! चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेली मी. हमीदभाई म्हणाले, "लई बरं झालं." आणि दुसऱ्या दिवसापासून ते वर्षाला शिकवू लागले. पेपर कसा सोडवायचा, वाळवी आधी कोणत्या कपाटाला लागते, कोणत्या वाचकाला "पुस्तक आणलं का" असं चारचौघांत विचारायचं नाही. मी रोज ठरवून जायची की आज सांगायचं. आणि रोज आजचं मरण उद्यावर ढकलायची. एकदा तर वर्षाला बाहेर पाठवून त्यांच्यासमोर बसलेही. "हमीदभाई, एक बोलायचं होतं..." त्यांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि वाट बघितली. मी म्हटलं, "पंख्याचा आवाज फार येतो, दुरुस्त करून घ्या." ते म्हणाले, "हाव, घेतो ना. उद्याच घेतो."

पहिली तारीख यायला आठ दिवस होते, तेव्हा ते गेले.

लोक म्हणाले, बाई, किती धीराच्या तुम्ही. धीर कसला डोंबलाचा! शोकसभेत मी छापील बोलावं तसं बोलले. त्यांच्या मुलाने चष्मा आणि दोन सदरे न्यायला पिशवी आणली, ती मी भरून दिली. दुसऱ्या दिवशी वर्षाने टेबलावर टिचकी मारली, "पानं बदला" म्हणाली, आणि पंचवीस माणसांनी पानं बदलली. मी हे सगळं काचेपलीकडून बघावं तसं बघत होते. आत एकच प्रश्न घोळत होता. त्यांना कळलं होतं का? कळलं नसेल तर मी त्यांना फसवत असताना ते गेले. कळलं असेल तर... तर काय, ते मला पुढे विचारवत नव्हतं.

गेल्या सोमवारी वर्षाने खणात साठलेले नवीन सभासदांचे अर्ज सहीला आणले. आमच्याकडे जुना नियम आहे. नवा सभासद करायचा तर जुन्या सभासदाची शिफारस लागते. पाच अर्ज होते. चौथ्या अर्जावरची अक्षरं बोट बोट मोठी होती, रेघा सोडून वर-खाली गेलेली. मोतीबिंदूवाल्या माणसाची. नाव, हमीद. पत्ता, त्यांच्या घराचा. व्यवसाय, 'आता मोकळा'. सभासदत्व केव्हापासून हवे? त्या ठरावातली पहिली तारीख. शिफारस करणाऱ्याचं नाव, माझं. त्यापुढची सहीची जागा कोरी.

मी खालची तारीख वाचली. अर्ज भरला होता सभेच्या दुसऱ्या दिवशी. वर्षा यायच्या आधी.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सभेची वही हमीदभाईंच्याच कपाटात असते, किल्ली त्यांच्याच खिशात. त्यांना काढून टाकायचा ठराव आम्ही लिहिला आणि वही त्यांच्याच हातात दिली, "कपाटात ठेवा" म्हणून! त्यांना आता वाचता येत नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण वाचनालयात बसलेल्या माणसाला एक पान वाचून दाखवणारं कोणी मिळणार नाही? मी वर्षाला विचारलं. ती म्हणाली, "बाई, मला तर ते पहिल्याच दिवशी म्हणाले, 'तुम्ही आता इथल्या मालकीणबाई. फक्त बाईंना कळू देऊ नका मला ठाऊक हाय म्हणून. त्यांना सांगायचं लई जड जाऊन राहिलंय. सांगतील सावकाश.'"

म्हणजे दोन महिने ते मला सांभाळत होते. मी समोर बसले त्या दिवशी ते वाट बघत होते ते स्वतःसाठी नव्हे.

शिफारशीच्या रकान्यात छापील वाक्य आहे, 'सदर अर्जदारास मी चांगल्या प्रकारे ओळखतो/ओळखते.' शेकडो अर्जांवर त्या वाक्याखाली मी न वाचता सही केली आहे. हा अर्ज चार दिवस माझ्या पिशवीत राहिला. काल सकाळी पेपर सुटे होत असताना मी तो टेबलावर ठेवला, वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली. वर्षाने काही न विचारता सभासद क्रमांक घातला आणि कार्ड तयार केलं. रडू अजून आलेलं नाही. सही मात्र रेघ सोडून खाली गेली आहे.