जाळीखालची जागा

सोसायटीच्या सचिवानं मला म्हशीशेजारून उठवलं. चपलेनं माझी पाटी ढकलली आणि म्हणाला, "ए, ऊठ. जाळी जनावरांसाठी हाय."

मी उठले. शेणाची पाटी डोक्यावर घेतली आणि उन्हात गेले. म्हैस तिथंच रवंथ करत बसली.

दुष्काळाचं साल होतं. रानात उसाचं टिपरूसुद्धा नव्हतं. नवरा पुण्याकडं बांधकामावर गेलेला. गावच्या सोसायटीनं तेलगावच्या रस्त्याला, माळावर, चारा छावणी उघडली होती. जनावरांवर हिरवी जाळी ताणलेली, बाजूला पाण्याचा हौद. ज्यांची जनावरं, ती माणसंही जाळीखाली बसायची. त्यांचे माठ तिथंच. आम्ही बौद्धवाड्यातल्या पाच-सहा बाया शेण उचलायला होतो. ना जमीन, ना जनावर. म्हणजे सावलीला बसायचं तर आधी म्हैस पाहिजे. आमच्यासाठी एक बाभूळ होती. तिची सावली भाकरीएवढी.

मे महिन्यात एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या. उन्हापासून कसं जपायचं ते त्यांनी सांगितलं. दुपारी बारा ते तीन उन्हात काम करू नका. तहान नसली तरी पाणी पीत राहा. डोक्याला ओलं फडकं बांधा. कुणाचं अंग तापून कोरडं पडलं, माणूस भलतंच बोलायला लागला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका. जाळीखालच्या लोकांनी माना हलवल्या. आम्ही बाहेर, पाट्या घेऊन उभ्या. मी एकेक शब्द ऐकून घेतला. सिस्टर गेल्या. सचिवानं आम्हाला लगेच कामाला लावलं. तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

चार-पाच दिवसांनी शांतामावशी पडली. मावशी माझ्या माहेरची. या गावात माझं म्हणावं असं एकच माणूस. पाटी उचलता उचलता मला म्हणाली, बैल सुटलेत, दार लाव. तिच्याकडं जन्मात कधी बैल नव्हता. मी अंगाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं, कोरडं. पुढच्या पावलाला ती आडवी झाली.

मी कुणाला विचारलं नाही. काखेत हात घालून तिला ओढत जाळीखाली नेलं. लुगड्याची गाठ सैल केली. जवळ दिसला तो माठ उचलला आणि अख्खा तिच्या अंगावर ओतला. ओल्या पदरानं वारा घालत राहिले.

सगळे उठून उभे राहिले. हात लावायला कुणी आलं नाही. आमच्या बायाही बाहेरच थांबल्या. सचिव धावत आला. "तिला बाभळीखाली ने," म्हणाला. "हे लोकांचं प्यायचं पानी हाय."

लोकांचं.

आजवर असलं कितीतरी ऐकलं होतं. वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायले होते आणि मान खाली घालून घरी गेले होते. त्या दिवशी तो एक शब्द आत जाऊन रुतला. मग आम्ही कोण?

"ही बी लोकच हाय," मी म्हणाले. "मी हिला हलवनार न्हाई. टेम्पो आना."

आवाज चढवला नव्हता. चाऱ्याच्या टेम्पोवाल्यानं सचिवाच्या हुकमाची वाट न बघता टेम्पो मागं घेतला. धारूरच्या दवाखान्यात मावशी वाचली. अंगावर पाणी पडलं म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छावणीत गेले, तर तो माठ फोडलेला. खापऱ्या हौदाजवळ पडलेल्या. सचिवानं मला काम नाही म्हणून सांगितलं. बायांनी नजर फिरवली.

आठवड्यानं मावशी कामावर आली. मी तिला भेटायला गेले. माझ्यादेखत तिनं सचिवाला सांगितलं, मला नुसती घेरी आलती, या पोरीनं उगंच तमाशा केला. माझ्याकडं न बघता ती पाटी भरत होती. तिचा राग आला नाही. तिची चूल त्या कामावर होती. पण घरी आले, भाकरी थापायला बसले आणि हात चालेना. बोलायला घरात नुसत्या भिंती.

शेण उचलणाऱ्या बायांना सावली आणि पाणी द्या, असा अर्ज मी स्वतः लिहिला. थोडंफार शिकले होते. अंगठ्यासाठी वाड्यात घरोघर फिरले. एकीनंही दिला नाही. तहसीलच्या बाबूनं कागद उलटून पाहिला. "एकटीचीच सही?"

"एकटीचीच," मी म्हणाले. "घ्या."

त्यानं शिक्का मारला. त्या उन्हाळ्यात बायांसाठी जाळी आली नाही. पाऊस झाला, छावणी उठली. मावशी आजही रस्त्यात भेटली तर खाली बघते.

नंतर मी बरीच कामं केली. खडी फोडली, धरणाच्या कामावर माती वाहिली. कुठंही गेले की कामाला हात लावण्याआधी मुकादमाला विचारते, बायांनी बसायचं कुठं, प्यायचं पाणी कुठं. काही दाखवतात. काही हसतात. हसला की मी परत फिरते. माझ्या मागं कुणी येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी फिरते. उपास मी काढलेत, अजून काढीन. पण कुणाची मर्जी राखायला उन्हात मरणार नाही.