सभ्य माणसाचं इंग्रजी

नव्वदच्या दशकात सुरतेला नवागामच्या आमच्या खोल्यांसमोर एकजण इंग्रजीचा क्लास घ्यायचा. नाव सांगितलंच नाही, नुसतं ‘सर’ म्हणा म्हणाला. कापडाच्या लूमवर बारा तास घालवून आम्ही खानदेशी गडी सतरंजीवर बसायचो. पूर्णविराम देताना सर फळ्यावर खडू असा आपटत, जणू पूर्णविराम त्यांनीच शोधून काढलाय! स्वल्पविरामाला डोळे मिटून मान वाकवत. मग दहाची नोट नाचवत आमच्याकडून घोकून घेत, ‘हाऊ मच?’ आणि ‘कीप द चेंज.’ आमच्यातल्या कुणी जन्मात सुटे सोडले नव्हते.

कुणी अहिराणी बोललं की सर नाक मुरडत. “ही गावंढळ भाषा चपलांपाशी ठेवून या.”

एकदा माझ्या शेजारच्या गड्यानं विचारलं, “सर, शेठनी पगार दाबी ठेवा. इंग्रजीमा कसा मांगाना?”

“असली वाक्यं सभ्य माणसाला लागत नाहीत,” सर म्हणाले.

पगाराअभावी त्या गड्याची फी राहिली. महिनाअखेरीला सर त्याच्या सायकलीला आडवे आले आणि ओरडले, “मना पैसा काढ पहिले!”

चोख अहिराणी. मध्ये स्वल्पविरामाएवढेसुद्धा थांबले नाहीत.