चादरीचं दुसरं टोक

कोरल झामिटला एका जागी बसवत नसे. चहासुद्धा ती उभ्याने प्यायची, ओट्याला टेकून. मॅकायच्या वाफेच्या लाँड्रीत तिने चौतीस वर्षं काढली होती आणि तिथे खुर्ची नव्हतीच. निवृत्त झाली तेव्हा लोक म्हणाले, आता आराम कर. तिने तीन आठवडे केला. चौथ्या आठवड्यात एक जुना, दोन भिंगांचा कॅमेरा विकत घेतला, घराखालच्या मोरीच्या खिडक्यांना घोंगडी ठोकली आणि स्वतःचे फोटो स्वतः धुवायला लागली.

गावातल्या कॅमेरा क्लबात ती एकटीच बाई. जूनमधल्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातल्या, कृषी प्रदर्शनात फोटोंचं एक दालन असे. भोपळे आणि कोंबड्यांच्या पलीकडे. त्यात एक विभाग काळ्या-पांढऱ्या देहचित्रांचा. दरवर्षी तिथे तेच लागत असे: खडकावर पहुडलेली तरुण पोरगी, मान मागे टाकलेली, कातडी साबणाच्या नव्या वडीसारखी. क्लबातले पुरुष सांगायचे, गोऱ्या अंगावर लाल फिल्टर लाव. ठिपके, शिरा, डाग सगळं जातं.

कोरल ते बघून अस्वस्थ व्हायची. फोटो वाईट नव्हते. पण त्यातल्या एकाही शरीरावर वजन नव्हतं. उभं राहिलं तर उगाच उभं, वाकलं तर उगाच वाकलेलं. आयुष्यभर ओली चादर उचललेल्या माणसाला हे लगेच कळतं.

त्या वर्षी तिने ठरवलं, तिथे एनिड मॉसपच्या पाठीचा फोटो लावायचा.

एनिड म्हणजे लाँड्रीतल्या इस्त्रीच्या रोलरच्या पलीकडची बाई. सव्वीस वर्षं दोघी एकाच रोलरवर होत्या. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची, झटकायची आणि मग तापलेल्या रोलरच्या तोंडी द्यायची. एकीने ढिली धरली तर चुणी पडते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. एनिड आता एकोणसत्तरची होती. काटकुळी, पण खांद्यांची हाडं अजून ताणलेल्या दोरासारखी ताठ. दोन्ही हातांवर रोलरच्या कडेचे वण. बारा. अकरा लहान. बारावा लांब, डाव्या कोपरापासून जवळजवळ मनगटापर्यंत.

तो अठ्ठावन्न सालचा. एनिडची बाही रोलरमध्ये ओढली गेली होती. रोलर सुरू करायचं आणि थांबवायचं पेडल कोरलच्या पायाखाली होतं. पाय उशिरा पडला. किती उशिरा, ते दोघींनाच ठाऊक. एनिड सहा आठवड्यांनी कामावर परत आली, आपल्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "धर." त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही.

सोमवारी कोरलने तिला घराखाली उभं केलं. घर उंच खांबांवर, खाली थंड सावली, उजेड एकाच बाजूने येणारा. मागे गडद काळोख. पाठ उघडी, कमरेला लाँड्रीचा जुना पांढरा एप्रन.

"एकोणसत्तराव्या वर्षी मला उघडं करतेयस," एनिड म्हणाली. "चाळीस वर्षं आधी सुचलं असतं तर कुणी बघायला तरी आलं असतं."

"हलू नकोस."

"हलत नाहीये. थरथरतेय. हिवाळा आहे, बाई."

ओल्या चादरीचं एक टोक एनिडच्या हातात दिलं होतं, दुसरं खांबाला बांधलं होतं. कोरलने लाल फिल्टर लावला. सवयीने लावला, असं तिने स्वतःला सांगितलं.

बुधवारी फोटो निघाला. पाठ चंद्रासारखी उजळ. काळोख मखमली. आणि हात स्वच्छ. बारापैकी एकही वण नाही. कोरलने ते पाहिलं. लांब वण जिथे असायला हवा तिथे ती बराच वेळ बघत राहिली. मग चिमट्याने फोटो उचलून पाण्यात टाकला. रात्रभर तिला झोप लागली नाही. फोटो चांगला झालाय, असं ती अंथरुणात पडल्या पडल्या घोकत होती.

गुरुवारी पाच वाजता प्रदर्शनाच्या नोंदी बंद व्हायच्या होत्या. सकाळी नऊला एनिड भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, घेऊन आली. कोरलने फोटो टेबलावर ठेवला. एनिडने चष्मा लावला.

"हे हात कुणाचे?"

"तुझेच की."

"माझे नाहीत. हे कुठल्यातरी डॉक्टरीणबाईचे आहेत." तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "आणि ही बाई ओढत नाहीये. बघ ना. ओढल्याचं सोंग करतेय."

"खांबाला बांधलेलं होतं ना ते."

"खांब उलट ओढतो का? तूच सांग. सव्वीस वर्षं मी खांबासमोर उभी होते का?"

कोरल ओट्यापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"हे भिंतीवर लागलं," एनिड म्हणाली, "तर सगळं गाव म्हणेल, एनिड मॉसपने जन्मात कधी काम केलं नाही. तेवढं मी ऐकून घेणार नाही. माझी ना आहे, कोरल."

"मग दुसरा काढू."

"एकला मैदानावर माझी बोल्सची मॅच आहे."

"आता साडेनऊ झालेत."

"मग स्कोन काय उभ्याने खाऊ?"

"मी तर तशीच खाते."

दोघी खाली उतरल्या. एनिडने सदरा काढून पुन्हा कमरेला एप्रन बांधला. कोरलने चादर धुण्याच्या कुंडीत भिजवली. दुहेरी, जाड सुताची, पाणी पिऊन दगड झालेली. पिळताना एनिड म्हणाली, "अर्धी पिळ. कोरडी चादर हलकी असते." कोरलने अर्धीच पिळली. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला. लाल फिल्टर काढून खिशात घातला आणि हिरवा लावला. हिरव्यातून लाल रंग काळा पडतो. ठिपका न् ठिपका येतो, वण न् वण येतो. तिची बोटं फिल्टरच्या आट्यांवर घसरत होती.

आता अडचण अशी की दुसरं टोक तिने धरायचं तर कॅमेऱ्याचं बटण कोण दाबणार? क्लबाच्या पेटीत एक लांब रबरी नळी होती, टोकाला फुगा. फुगा दाबला की बटण दाबलं जातं. कोरलने तो फुगा उजव्या पायाखाली घेतला.

"एक, दोन, ओढ," ती म्हणाली. लाँड्रीत हाक तिचीच असायची.

पहिला वाया. चादर ताणली गेली तेव्हा कोरल खाली पायाकडे बघत होती. दुसरा तसाच. तिसऱ्याला फुगा दाबला, पण चादर ढिली पडली. रिळात बाराच फोटो. चौथा, पाचवा.

"तुझं टोक मेलंय," एनिड ओरडली. "काय करतेयस? अंडं उबवतेयस का पायाखाली?"

"फुगा सापडत नाही."

"फुगा गेला खड्ड्यात. पाय विसर. चादर धर. मी इथे वजन टाकतेय आणि तिकडे कुणी नाही."

कोरलने हात अंगावरच्या कपड्यांना पुसले. चादरीच्या कडेची घडी मुठीत घेतली, जशी घ्यायची तशी, अंगठा आत. टाच रोवली. तिकडे एनिडनेही रोवली. खरं ओढणारं माणूस आधी टाच रोवतं, मग कंबर बसते, हात सगळ्यात शेवटी. चादर उचलली गेली तेव्हा दोघींच्याही तोंडून सारखाच हुंकार निघाला.

"एक. दोन. ओढ."

चादर फटकन वाजली. ओढ जिथे पुरी होते तिथे क्षणभर सगळं थांबतं. हात, पाठ, पाणीसुद्धा. त्या क्षणी कोरलचा उजवा पाय आपण होऊन खाली गेला. तिने दाबला नाही. सव्वीस वर्षं तो पाय चादर ताणली की पेडलवर पडत आला होता. खट् झालं.

एनिड तशीच उभी राहिली, चादर धरून.

"या वेळी वेळेवर पडला," ती म्हणाली.

कोरल कॅमेऱ्याकडे गेली आणि तिने फिल्म पुढे सरकवली. ती म्हणाली, "अजून सहा आहेत."

सहाही काढले. दोघी धापा टाकत होत्या. एनिडने सदरा चढवला आणि घड्याळ बघितलं. अकरा वाजत आले होते.

नळाचं पाणी जूनमध्येही कोमट. रसायन वीस अंशांवर आणायला कोरल पेट्रोलपंपावरून बर्फाची पिशवी घेऊन आली. परत येते तो कुणाच्या तरी शेतात तोडणीआधी ऊस पेटवलेला. काळी राख घराखाली भुरभुरत होती. ओली फिल्म आणि राख म्हणजे सगळ्यावर पाणी. कोरल दारातच थांबली.

"आत हो," एनिड म्हणाली. ती गेलीच नव्हती. जुन्या चादरी ओल्या करून दाराच्या फटींत कोंबत होती. "पांढरे कपडे बाहेर वाळत आणि ऊस पेटलेला. नवीन आहे का आपल्याला?"

"तुझी मॅच?"

"त्या म्हाताऱ्या मला तशीही जिंकू देत नाहीत."

एकपर्यंत फिल्म सुकली. एनिडने केस सुकवायचं यंत्र धरलं होतं आणि सारखी म्हणत होती, हात दुखला. सहावा फोटो तो होता. कोरलने निगेटिव्हच्या उलट्या रंगांतही ओळखला. पाठीची दोन हाडं आत वळलेली, मानेची शीर उभी, पायाच्या चवड्यावर सगळं वजन. डाव्या कडेला चादरीचं दुसरं टोक आणि ते धरलेला कोरलचा हात.

अंधारखोलीत तांबड्या दिव्याखाली तिने कागदाच्या पट्ट्यांवर चाचण्या केल्या. आठ सेकंद, बारा, सोळा. आठाला चादर कोरी पांढरी. कोरी पांढरी चादर खोटी, तिचं विणकाम दिसलं पाहिजे. सोळाला विणकाम आलं, पण पाठ काळवंडली आणि वण नाटकी दिसायला लागले, रंगवल्यासारखे. बाराला सगळं होतं. ओला कागद नेहमी उजळ दिसतो, सुकला की गडद होतो. तिने बारातून एक कमी केला. मग पुन्हा वाढवला. मग पुन्हा कमी केला.

"आत काय शिजवतेयस?" बाहेरून एनिड. "तीन वाजून गेले."

शेवटी फोटो काढला अकरा सेकंदांचा. कागद द्रवात हलवला आणि एनिड हळूहळू वर आली. ठिपके आले. अकरा लहान वण आले. मग तो लांब आला, कोपरापासून खाली, गडद करड्या रेघेसारखा. तो कोरलच्या हाताच्या रेषेत येत होता.

टेबलावर तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. उजेडाखाली पाच सेकंद तो फिरवला की तेवढा भाग फिका पडतो. सगळेच करतात. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. शिवाय कडेचा हात कापून टाकला तर चित्र सुटसुटीत होईल, हेही तिला दिसत होतं. तिने शेवटचा चांगला कागद लावला. दिवा लावला. पुठ्ठा हातात घेतला. एक, दोन, तीन ती मोजत होती आणि पुठ्ठ्याची सावली कागदाच्या कडेपर्यंत आली होती. चारला तिने पुठ्ठा मागे घेतला आणि हात पाठीमागे बांधून अकरापर्यंत मोजलं.

फोटो बाहेर आणला तेव्हा चार वाजले होते. एनिडने चष्मा लावला. या वेळी ती बोट कागदापासून वीतभर दूर धरून वण मोजत होती.

"अठ्ठावन्नचा आलाय," ती म्हणाली.

"आलाय."

"मग गाडी काढ. ते पाचला दार लावतात."

डेस, नोंदी घेणारा माणूस, हातात किल्ल्या घेऊनच उभा होता. त्याने फोटोला बोट लावलं. "ओलसर आहे, कोरल."

"सुकेल. अजून थोडा गडद होईल."

"हे कुणाचे हात?"

"माझे," एनिड म्हणाली. "आणि तो कडेचा हिचा. लाव आता, बाबा."

शनिवारी दोघी प्रदर्शनाला गेल्या. खडकावरच्या पोरीला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली होती. एनिडच्या पाठीला काही नाही. खाली परीक्षकाचं छोटं कार्ड: करड्या छटा भक्कम. डाव्या कडेचा हात लक्ष विचलित करतो. तो कापावा.

एनिडने ते मोठ्याने वाचलं. आजूबाजूचे दोघं-तिघं वळले.

"तुझा हात लक्ष विचलित करतो म्हणे."

"खांद्याखालची सावली जड झालीय," कोरल म्हणाली. "अर्धा सेकंद जास्त झाला. घरी जाऊन पुन्हा काढते."

"हात कापणार?"

"नाही."

"मग चल. चहा घेऊ. बसून."

तंबूत एक खुर्ची रिकामी होती. एनिड बसली. कोरल तिच्याशेजारी उभी राहिली, कप हातात घेऊन, फोटोच्या दालनाकडे बघत.