एरियल काढल्यावरही उभी राहणारी रेष

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ढाब्यावर कढईत लसूण टाकत होतो, आणि खरं सांगतो, आधी मी लसूण वाचवला. माणूस तर गेलेलाच होता... गेवराईच्या पेठेतले भांड्यांचे व्यापारी शिवलिंगआप्पा सकाळी गच्चीवर रेडिओच्या एरियलची तार ताणायला चढले आणि तार मुठीत धरून बसल्या जागी संपले. त्यांचा मुलगा महेश फोनवर म्हणाला, "काका, मूठ उघडत न्हाई हो. पक्कड घेऊन या." आप्पांनी एकदा धरलेली गोष्ट जिवंतपणी कधी सोडली नव्हती, मेल्यावर कशाला सोडतील? गेलो पक्कड घेऊन. तार कापली. त्यांच्या मुठीत वीतभर तुकडा राहिला, तो तसाच बरोबर गेला. लिंगायतांमध्ये जाळत नाहीत, बसवून पुरतात. मांडी घातलेले, ताठ, नाक वर, हुबेहूब रेडिओसमोर बसायचे तसे आप्पा खड्ड्यात बसले होते. जंगमस्वामी जवळ वाकून मंत्र म्हणायला लागले तेव्हा मला वाटलं, आता हे डोळे उघडून म्हणणार, "आवाज फुटतोय तुमचा, परत बोला."

वाचकांपैकी ज्यांना या छंदाची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, स्वतःचं एक कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, मिळवायचं आणि मग घरच्यांशी एक शब्द न बोलता सगळ्या जगाशी बोलायचं. आप्पांचा आवाज असा की माइक बंद असला तरी पैठणच्या धरणात लाटा उठायच्या. गिऱ्हाइकाला कढई दाखवताना ते ओरडले की वरच्या फळीवरचे तांबे आपोआप वाजायचे. मला हा परवाना त्यांनीच काढायला लावला, मानगूट धरून. "बे खंड्या, नुसतं शेवभाजी वाढून मरणार का?" म्हणाले. माझ्या ढाब्यावरच्या एरियलवर ट्रकवाले अजून बनियन वाळत घालतात.

आप्पांना एक धाकटा भाऊ, नागनाथ. आईवडील लवकर गेले, तेव्हा नागनाथला वाढवलं ते आप्पांच्या बायकोनं, गिरिजावहिनींनी. पुढे दुकानाची वाटणी झाली. थोरल्याला गेवराईची पेठ आणि धाकट्याला तलवाड्याचं दुकान, आणि त्यात एका पितळी घंगाळावरून असं वाजलं की दोघांनी एकमेकांचा उंबरा सोडला. लग्नात भेटले तर एक मांडवाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. पण दोघांकडं परवाना होता! आणि रेडिओची रीत अशी की कॉलसाइन घेऊन कुणी हाक मारली तर ओ द्यायचीच, मग हाक मारणारा सख्खा वैरी का असेना. त्या रीतीच्या आडोशाला हे दोघे रोज दिवेलागणीला बोलायचे. भाऊ म्हणून नाही, स्टेशन म्हणून. गेवराई स्टेशन तलवाडा स्टेशनला विचारायचं, "तिकडं हवामान कसं?" तलवाडा सांगायचं, "वारं पडलंय, वहिनीच्या गुडघ्याचं कसं हाय?" हे हवामानाचंच बोलणं चाललंय असं आम्ही सगळे ऐकणारे मानून घ्यायचो.

मग वहिनी गेल्या. आप्पांनी बैठकीत त्यांचा फोटो लावला आणि त्याभोवती बारक्या दिव्यांची माळ सोडली. लाइट गेली तरी वहिनीवर अंधार पडू नये म्हणून माळेची वायर थेट इन्व्हर्टरला. रोज दिवेलागणीला माळ लावायची, हात जोडायचे आणि मग रेडिओसमोर बसायचं, असा त्यांचा नेम झाला.

त्याच सुमारास रेडिओवर खरखर सुरू झाली. साधी नव्हे. हजार बाया एकदम पापड तळतायत अशी. त्या खरखरीत दिल्लीचा दांडगा आवाज कसाबसा यायचा, पण तलवाड्याचं नागनाथचं स्टेशन म्हणजे घरी जोडलेलं, अशक्त. ते बुडालंच. आप्पा कानाला हेडफोन दाबून बसायचे आणि ओरडायचे, "परत बोल! परत बोल!" घराचं मेन स्विच पाडून बघितलं, पंखे थांबले, फ्रीज थांबला, तरी पापड तळणं चालूच. म्हणजे चोर घराबाहेरचा, असा त्यांनी निकाल दिला आणि चोर पकडायला मशीन मागवलं.

हातात मावणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. पत्त्याच्या कॅटाएवढी काळी डबी, वर छोटं एरियल, पुढं पडदा. हवेत कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय चाललंय ते पडद्यावर रेषेरेषेनं दिसतं. शांत जागी खाली बारीक गवत, सिग्नल असेल तिथं ताडाएवढी रेष. ही डबी छातीशी धरून आप्पा दिवेलागणीला पेठेतून फिरू लागले. पहिल्या आठवड्यात शिंप्याचा दिवा फोडला. दुसऱ्या आठवड्यात दूधवाल्याचा फ्रीज उन्हात आणून ठेवला. शेतकऱ्यांना वाटलं आप्पा पाणी दाखवतात, चारपाच जण त्यांना बोअर कुठं घ्यायची ते विचारायला ढाब्यापर्यंत मागं आले. आणि एकदा ते गोदावरीकडच्या रस्त्याला ती डबी उंच धरून उभे राहिले तर वाळूवाल्यांना वाटलं तहसीलनं काहीतरी नवीन काढलं. वाळूनं भरलेले ट्रॅक्टर रस्त्यात सोडून ड्रायव्हर उसात पळाले. त्या आठवड्यात नदीची वाळू नदीतच राहिली, असं काम आजवर कुठल्या साहेबाला जमलेलं नाही.

पण खरखर गेली नाही. मग आप्पांना कुठून तरी कळलं की डबीतला प्रोग्राम जुना झालाय, तो अपडेट करायला पाहिजे. लॅपटॉप महेशचा, वायर माझी, आणि उतावळेपणा आप्पांचा. बटण दाबून धरून डबी चालू करायची, म्हणजे ती नवा प्रोग्राम घ्यायला तयार होते. पडदा काळा पडला. आप्पांनी श्वास धरला. बरा वेळ काहीच होईना, तेव्हा हा मनुष्य डबीला विभूती लावू लागला. शेवटी पडदा उजळला आणि आप्पा नव्या सुनेचं तोंड बघावं तसे बघत राहिले.

मी म्हणालो, "आप्पा, आता माप घ्यावं लागतंय. डबीबरोबर बोटभर केबल आलीय, ती वरच्या दोन भोकांना जोडा. अपडेटनं आतलं जुनं माप पुसून जातंय. नवं घेतल्याशिवाय डबी स्वतःच्या पोटातला आवाज बाहेरचा म्हणून दाखवती."

"तू मला माप शिकवतो? मी भांडी तोलून इकतो, बे!"

खरंच विकायचे. काटा शून्यावर आल्याशिवाय त्यांनी कधी चमचासुद्धा तोलला नाही, गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी. पण त्या दिवशी बाहेर दिवेलागण होत आली होती. केबल तशीच प्लास्टिकमध्ये राहिली, आणि ते महेशच्या मोटारसायकलवर बसून निघाले. कुठं? सरळ तलवाड्याला.

भावाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडून, उंबरा न ओलांडता त्यांनी डबी चालू केली. दोघा भावांच्या फ्रिक्वेन्सीवर बरोब्बर मधोमध एक रेष उभी. ताडासारखी. महेश सांगतो, आप्पा फक्त हसले. मला ते हसणं ठाऊक आहे. गिऱ्हाइकानं दुसऱ्या दुकानाचं नाव काढलं की हसायचे ते. घरी आले, माळ लावली, हात जोडले, रेडिओ लावला आणि मराठवाड्यातली सगळी स्टेशनं ऐकत असताना म्हणाले, "खरखर कोण सोडतंय ते सापडलं. तलवाडा स्टेशन मुद्दाम आमच्यावर घाण टाकतंय. घंगाळ पुरलं न्हाई, आता हवा पाहिजे त्याला." नागनाथ काही बोलला असेल तर ते आप्पांच्या कानापर्यंत आलं नाही. बाकीच्यांनी शरमेनं आपापले रेडिओ दुसरीकडं सरकवले. दोन भावांच्या भांडणात कोण कान घालून बसणार? मीही नाही. ढाब्यावर ती गर्दीची वेळ.

दुसऱ्या दिवशी आप्पा ती रेष मला दाखवायला आले. ढाब्यावरही ती तशीच उभी. मी म्हणालो, "आप्पा, एरियल काढा बरं." त्यांनी एरियल उपटलं. आता डबीला कान नाहीत, बाहेरचं काही ऐकूच येणार नाही. खालचं गवत जागच्या जागी बसलं, आणि रेष उभीच. मी डबी स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं, फटीतून दोघांनी आत बघितलं. उभीच! आप्पांच्या तोंडाकडं बघवेना. म्हणजे मी बघितलं, चांगलं निरखून बघितलं, असा योग पुन्हा कुठला येतो... पण बघवत नव्हतं.

"जा आता तलवाड्याला," मी म्हणालो. "मोटारसायकल देतो."

"पाय जात न्हाईत रे तिकडं." बराच वेळ डबीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "हवेत बोल्लो, तर हवेतच माफी मागतो."

आणि मागितली. रोज. दिवेलागणीला माळ, नमस्कार, आणि रेडिओ. कॉलसाइन म्हणायचे आणि मग, "नागनाथ, चुकलं माझं. ऐकतोयस का?" मग बोलायचं बटण सोडून कान देऊन बसायचे. पापड तळत राहायचे. मला येऊन सांगायचे, "ओ देत न्हाई रे. लई राग हाय त्याचा." मी म्हणायचो, देईल. ते म्हणायचे, "रेडिओवर हाक मारली तर वैरीबी ओ देतो. मी वैऱ्याच्याबी खाली गेलो का बे?" शेवटी त्यांनी ठरवलं की एरियल उंच करू, म्हणजे ऐकू येईल. तार ताणायला गच्चीवर चढले. पुढचं वर सांगितलंच आहे.

मातीला नागनाथ आला होता. इतक्या वर्षांनी थोरल्या भावाच्या दारात, आणि भाऊ बसलेला, पण उठून 'ये' म्हणायला नाही. माती झाल्यावर आम्ही दोघं बैठकीत टेकलो. महेशनं ती डबी माझ्या मांडीवर ठेवली, "तुमीच घेऊन जा काका, आमाला काय कळतंय." मला राहवलं नाही. नागनाथला म्हणालो, "लेका, रोज माफी मागत होता तो. एकदा ओ दिली असती तर काय कॉलसाइन झिजलं असतं?"

नागनाथनं माझ्याकडं असं बघितलं जसं मीच आप्पांना मारलं.

"कावून दिली न्हाई म्हणता? रोज देत होतो! पहिल्या दिवसापासून. 'ऐकतोय दादा, जाऊ द्या, झालं गेलं,' म्हणायचो. त्यांचा आवाज माझ्याकडं घंटेसारखा यायचा. मी ओ दिली की हे पुन्ना पहिल्यापासून, 'नागनाथ, ऐकतोयस का?' मला वाटलं थट्टा चाललीय. माझ्याकडनं रोज माफ करून घेतात आन् वर ऐकलंच न्हाई दाखवतात. एक दिवस शिवी दिली, लई घाण. ती बी ऐकली न्हाई. मग म्हणलं, मरू दे..." इथं तो थांबला. तो शब्द त्याच्याच तोंडात अडकून बसला.

बाहेर दिवेलागण झाली होती. महेशची बायको महानंदा आत आली. वहिनींच्या फोटोशेजारी आप्पांचा फोटो टेकवून ठेवलेला. तिनं माळ ओढून दोन्ही फोटोंवर नीट पसरली आणि बटण दाबलं. माझ्या मांडीवर डबी चालूच होती, एरियल लावलेली. पडद्यावरचं खालचं सगळं गवत एकदम उठलं. गुडघ्याएवढं, कंबरेएवढं, डोक्याएवढं. नागनाथ माझ्या खांद्यावरून बघत होता. परवाना त्यालाही आहे, त्याला सांगावं लागलं नाही. तो उठला, माळेचं बटण बंद केलं. गवत खाली बसलं. चालू केलं. उठलं. मेन स्विच पाडून ती कशी सापडणार, वायर इन्व्हर्टरला! ज्या माउलीनं दोघांना एका ताटात जेवू घातलं होतं तिच्याच दिव्यांनी धाकट्याचा आवाज रोज संध्याकाळी गिळला होता, आणि ते दिवे थोरला हात जोडून स्वतः लावत होता.

"काय झालं मामंजी?" महानंदानं विचारलं. "माळ बिघडलीय का?"

"न्हाई," नागनाथ म्हणाला. "चांगली हाय." त्यानं बटण पुन्हा दाबलं. मला म्हणाला, "राहू द्या. आता कुणाला ऐकायचंय..." आणि पायांत चपला न घालताच निघून गेला. चपला अजून तिथंच आहेत. महानंदा त्या रोज झाडून परत तिथंच ठेवते.

डबी माझ्याकडं आहे, गल्ल्याशेजारी, मिठाच्या बरणीला टेकवून. ती बोटभर केबलही प्लास्टिकमधून काढलेली नाही. नागनाथ अधूनमधून येतो, चहा घेतो, आप्पांचा विषय काढत नाही. परवा म्हणाला, "माप घ्या की एकदा तिचं. घटकाभराचं काम." मी म्हणालो, घेतो. घेणार नाही. दिवेलागणीला गर्दी जरा वाढायच्या आत मी एरियल काढून ती चालू करतो. खाली सगळं सपाट, हवेत कुणी नाही, आणि मधोमध ती एकटी रेष. उंच, ताठ, कुणाचं काही ऐकायला कान नसलेली, आणि ठार खोटी. अगदी आप्पाच.